एक परका कमी पडतोय

'रोमानियन संस्कृती, इतिहास आणि समाज' हा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा अभ्यासक्रम चालू राहण्यासाठी विद्यापीठाची एकच अट होती: वर्गात किमान एक परदेशी विद्यार्थी असावा. ही अट जाचक आहे असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

त्या वर्षी तिघांनी प्रवेश घेतला. त्यातल्या दोघांना काही दिवसांनी कळलं की ते वैद्यकीयच्या रांगेऐवजी चुकून या रांगेत उभे राहिले होते. ते माफी मागून दात आणि हाडं शिकायला निघून गेले. उरली तुरिद. ती उत्तर नॉर्वेची, आणि मोकळी हवा हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे अशी तिची समजूत होती.

शिकवणाऱ्या डोम्निका झावोयान यांची नेमणूक हंगामी होती. अभ्यासक्रम गेला की नोकरीही जाणार, हे उघड होतं. इटलीत वृद्धांची देखभाल करणाऱ्या त्यांच्या बहिणीने तर तिकडे त्यांच्यासाठी एक आजीबाई हेरूनही ठेवल्या होत्या. आजीबाई स्वभावाने फार गोड आहेत, फक्त कधीकधी चावतात, असं तिने फोनवर सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी तुरिदने वर्गाची एक खिडकी उघडली आणि कुणी काही बोललं नाही म्हणून समोरचीही उघडली. दोन खिडक्यांमधून झुळूक आरपार गेली. रोमानियात अशा झुळकीला हवा म्हणत नाहीत. ती मृत्यूचं कारण आहे. कानदुखी, दातदुखी, मूत्रपिंडाचे विकार आणि काही घराण्यांत घटस्फोटसुद्धा तिच्यामुळेच होतात. शेजारच्या कार्यालयातून विओरिकाबाई शाल सावरत धावत आल्या आणि त्यांनी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.

"माझ्या दिराचं तोंड अशानंच वाकडं झालं," त्या म्हणाल्या.

तुरिदने नम्रपणे पुरावा विचारला.

"पुरावा कसला? तोंड वाकडंय ना."

तुरिदने वाऱ्याचा वेग मोजला. तो विओरिकाबाईंच्या चालण्यापेक्षा कमी भरला. त्या हिशेबाने बाई दिवसभर स्वतःच स्वतःला वारा लावून घेत होत्या. हा निष्कर्ष ऐकून त्यांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

डोम्निका मॅडम मन लावून शिकवत. तीन बाजूंनी चालून आलेली साम्राज्यं, राजे, हुकूमशहा, सगळं वर्गात पार पडलं. समाज हा विषय मात्र तुरिद वर्गाबाहेर शिकली. नाताळच्या आधी विओरिकाबाईंनी अबोला सोडून तिला गावी नेलं. तिथे डुक्कर कापलं गेलं आणि पहिल्या तळलेल्या तुकड्यासाठी ताटली पुढे करणाऱ्यांत तुरिद सर्वांच्या पुढे होती. ईस्टरला तिने लाल अंडं समोरच्याच्या अंड्यावर आपटलं; ज्याचं फुटेल तो हरतो. आपलं फुटलं तेव्हा समोरच्याचं अंडं लाकडाचं आहे असा आरोप करून तिने भांडण काढलं. एप्रिलमध्ये ती दगडी पायरीवर बसेनाशी झाली, कारण गारठा पोटात शिरतो. आणि जूनमध्ये, डांबर वितळत असताना, ट्राममध्ये एकाने खिडकी उघडली तेव्हा तिने त्याला घरी आईबाप आहेत की नाहीत असं विचारलं. सगळी ट्राम तिच्या बाजूने बोलली.

त्याच आठवड्यात राजधानीतून गुणवत्ता तपासणी समिती आली. अध्यक्ष होते प्रोफेसर हाराल्यांबिये कोस्मुत्सा. बरीच वर्षं ब्रुसेल्सला राहून आलेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी डोम्निका मॅडमसाठी बारा गुलाब आणले होते. विओरिकाबाईंनी ते घेतले, मोजले आणि कोण गेलं म्हणून हळूच चौकशी केली. रोमानियात सम संख्येची फुलं मयताला नेतात. मग मॅडमना दीर्घायुष्य लाभावं म्हणून त्यांनी एक गुलाब काढून खणात टाकला.

तुरिदच्या मुलाखतीत कोस्मुत्सांनी ठरलेला प्रश्न विचारला: आमचा देश कसा वाटला? परदेशी माणसाने यावर डोंगर सुंदर आहेत आणि लोक प्रेमळ आहेत असं म्हणायचं असतं. तुरिदने मोठा सुस्कारा सोडला.

"काय सांगायचं, सर. आपल्याकडचे रस्ते बघितलेत ना? या देशाचं काही होणार नाही. आणि तुम्ही तिथे बसू नका, मागे फट आहे, मान धरेल."

समितीने एकमताने पैकीच्या पैकी गुण दिले. अभ्यासक्रमाच्या इतिहासात असा निकाल लागला नव्हता. डोम्निका मॅडमनी बहिणीला आजीबाईंची दुसरी सोय बघ असं कळवण्यासाठी फोन हातातही घेतला.

"एक अडचण आहे," कोस्मुत्सा म्हणाले. नियम चारनुसार परदेशी विद्यार्थी म्हणजे रोमानियन संस्कृती अपरिचित असलेली व्यक्ती. तुरिदला ती परिचित आहे, हे आत्ताच सिद्ध झालं. सबब वर्गात परदेशी विद्यार्थी शून्य.

मॅडमनी तुरिदचा पासपोर्ट पुढे केला.

"पासपोर्ट ही प्रवासाची सोय झाली, मॅडम. आम्ही गुणवत्ता मोजतो." अभ्यासक्रम इतका यशस्वी ठरला आहे की तो बंद करण्यावाचून गत्यंतर नाही, असं म्हणून त्यांनी मॅडमचं मनापासून अभिनंदन केलं.

मॅडमनी फेरपरीक्षा मागितली आणि तुरिदला बाजूला नेऊन, बाई गं, यावेळी कृपा करून नापास हो, अशी गळ घातली. तुरिदने शब्द दिला. दोन्ही खिडक्या सताड उघडल्या गेल्या आणि तिला मधोमध बसवण्यात आलं. तिने दात आवळले, नॉर्वेचं राष्ट्रगीत पुटपुटून पाहिलं. पण पडदा हलला मात्र, आणि तिचे हात आपोआप कानांवर गेले.

"मॅडम, मरेन हो मी," ती कळवळून म्हणाली.

समितीने हाही पुरावा नोंदवून घेतला. विओरिकाबाई खिडक्या लावायला उठल्या, पण कोस्मुत्सांनी त्यांना थांबवलं. घाम पुसत ते स्वतः जाऊन बरोबर दोन खिडक्यांच्या मधे उभे राहिले, कॉलर सैल केली आणि डोळे मिटून म्हणाले, "वा, काय छान हवा येतेय."

विओरिकाबाईंचा हात गालावर गेला. डोम्निका मॅडम मात्र कोस्मुत्सांकडे अशा बघू लागल्या, जणू जंगलात दुर्मीळ पक्षी दिसला.

"सर, ते गुलाब तुम्ही मोजून घेतले होते?"

"अर्थात. पूर्ण डझन."

"आणि आपल्या देशाबद्दल तुमचं काय मत आहे?"

"प्रचंड क्षमता आहे, मॅडम. काही आव्हानं आहेत, पण एकूण दिशा योग्य आहे."

मॅडमनी नियम चार त्यांच्यापुढे सरकवला. कोस्मुत्सांनी तो वाचला, पुन्हा वाचला. मसुदा त्यांचाच होता आणि त्यावर तीन कार्यशाळा झाल्या होत्या. माणूस चुकू शकतो, नियम चुकू शकत नाही, असं ते स्वतःच सगळीकडे सांगत आले होते. त्यांनी स्वतःसाठी प्रवेश अर्ज मागवला.

अभ्यासक्रम बंद होता होता बचावला. मग नियमाची अंमलबजावणी समान असावी म्हणून समितीच्या इतर सदस्यांची चाचणी झाली, त्यानंतर मंत्रालयाची, त्यानंतर परदेशी पदवी असलेल्या तमाम अधिकाऱ्यांची. वर्ग भरून वाहू लागले. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या संख्येत विद्यापीठ देशात पहिलं आलं, तेही बाहेरून एकही माणूस न आणता. डोम्निका मॅडम कायम झाल्या. तुरिदची 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून नेमणूक झाली आणि ती सगळ्यांना सारखंच झापते. कोस्मुत्सा दोनदा नापास झाले आहेत. इतर विषयांत ठीक आहेत, पण देशाला नावं ठेवायची वेळ आली की त्यांच्या तोंडून अजून 'आव्हानं' हाच शब्द निघतो.

हा प्रयोग आता इतर देशांनाही सुचवण्यात आला आहे. मराठी मुलखासाठीची नमुना प्रश्नपत्रिका तयार असून तीत एकच प्रश्न आहे: आहेराच्या पाकिटावर एक रुपया का चिकटवतात? ज्यांनी शांतपणे, मुद्देसूद कारण दिलं, त्यांनी परदेशी विभागात नाव नोंदवावं. आणि रोमानियन लोकांना इतका वेळ हसून झाल्यावर या प्रश्नाचा ज्यांना नुसताच राग आला, ते पास आहेत.