पार्किंगमध्ये नारळ फोडण्यास बंदी आहे

लेकीला, ऋचाला, मुलाखतीसाठी हिंजवडीला आपल्या नव्या गाडीतून सोडायचं, थेट कंपनीच्या गेटपर्यंत, हे श्यामरावांनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. गाडी येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. पण ज्याने हयातभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं त्याला गाडीचं काय एवढं, असं ते बिबवेवाडीच्या त्या सोसायटीत भेटेल त्याला ऐकवत.

सकाळी ऋचा कडक इस्त्रीच्या ड्रेसमध्ये मागे बसली. श्यामरावांनी क्लच दाबला, किल्ली फिरवली. काहीही झालं नाही. दिवे लख्ख, हॉर्न अख्खी सोसायटी उठवणारा आणि इंजिन मात्र ढिम्म! क्लच आज जरा लवकरच टेकतोय असं त्यांना वाटलं खरं, पण त्याचं खापर त्यांनी नव्या बुटांवर फोडलं.

बॅटरी उतरली, असा निकाल त्यांनी बॉनेट उघडून दिला. मग हॉर्न कसा वाजतोय, असं ऋचाने विचारल्यावर ते वायरी हलवू लागले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा दत्तप्रसाद खाली आला. तो आयटीतला. त्याने गाडीभोवती गंभीरपणे एक फेरी मारली.

"काका, एकदा बंद करून परत चालू करून बघा."

"ती चालूच होत नाहीये. बंद कशी करू, तेवढं सांग."

ढकलायचीही सोय नव्हती. पुढे भिंत, मागे चढ. ऋचा रस्त्यावर जाऊन आली. हिंजवडी म्हटलं की रिक्षावाले मान फिरवत होते. कित्येक महिन्यांनी कुठूनतरी बोलावणं आलं होतं आणि ते आता बापाच्या हौसेपायी हातचं जाणार होतं. "बाबा, मी पहाटेच बसने निघाले असते," एवढंच ती म्हणाली.

ऋचाची आई, सुहासिनीबाई, इतका वेळ जिन्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"नारळ फोडला नाहीत. दुसरं काय होणार?"

हे दुखणं जुनं होतं. पार्किंगमध्ये नव्या फरश्या बसवल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून श्यामरावांनीच तिथे नारळ फोडायला बंदी घातली होती. त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या पूजेला फक्त हळदकुंकू लागलं, आणि पूजेचा नारळ गडगडू नये म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवून ठेवला. पत्नीला त्यांनी तेव्हा इंजिनाचं कार्यही समजावून सांगितलं होतं.

आज समजावण्याची ताकद नव्हती. "फोडतो, बाई, फोडतो," म्हणत ते वाकले आणि सीटखाली हात घातला. नारळ तिथे नव्हता. काल उतारावरून गाडी खाली आणताना तो पुढे घरंगळला होता आणि क्लचच्या पेडलखाली घट्ट बसला होता. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय ही गाडी चालू होत नाही, हे गाडीच्या पुस्तिकेतलं वाक्य श्यामरावांना तिथे, ओणव्यानेच आठवलं.

त्यांनी नारळ ओढून काढला आणि तो कुठे सापडला हे कुणाला कळायच्या आत पुढच्या चाकापाशी फरशीवर आपटला. पाणी नव्या फरशीभर झालं. मग आत बसून त्यांनी क्लच दाबला. तो पार खाली गेला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं.

दत्तप्रसादने हात जोडले. ऋचाने आईला मिठी मारली. सुहासिनीबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते न बोलणं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

श्यामरावांनी मागचा आरसा उगाच सरळ केला. खरं सांगावं, तर आपणच ठेवलेला नारळ आपल्याच पायाखाली सापडलेला. न सांगावं, तर हयातभराचं भौतिकशास्त्र पाण्यात.

"असतात काही गोष्टी विज्ञानापलीकडच्या," ते म्हणाले आणि त्यांनी रिव्हर्स गिअर टाकला.

ऋचा वेळेत पोहोचली. संध्याकाळी श्यामराव पार्किंगमध्ये आले तेव्हा तळमजल्यावरच्या शालनताई आपल्या बंद पडलेल्या स्कूटरपाशी उभ्या होत्या. हातात नारळ होता.

"आपल्या हाताला गुण आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "जरा आपणच फोडा."

त्यांच्या मागे आणखी दोघे उभे होते. आणि सुहासिनीबाई जिन्यात, फरशी पुसायचं फडकं घेऊन.