सुभेदार आबांची जाळी

आमच्या शेजारचे सुभेदार आबा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी मान वर करून भिंतीकडे बघतात. एसी दिसला की पहिला प्रश्न, "जाळी कवा धुतली?" एसी नसेल तर कूलर शोधतात आणि वाकून त्याचं गवत हुंगतात. आमच्या उंब्रजमध्ये मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकी कसून तपासणी करत नाहीत.

फौज सुटून बरीच वर्षं झाली, पण आबांच्या अंगातली परेड काही सुटलेली नाही. दर रविवारी ते आपल्या एसीची जाळी काढतात, नळाखाली धुतात, सावलीत वाळवतात आणि उजेडाकडे धरून मला विचारतात, "बघ गड्या, ठिपका हाय का?" एकदा मी चेष्टेनं "एक आहे" म्हणालो, तर माझा चहा निवेपर्यंत ते ती पुन्हा घासत बसले.

याचं कारण म्हणजे कमलकाकींचा दमा. काकी म्हणजे आबांच्या मंडळी. ऊसतोड झाली की आमच्याकडे रानोरान पाचट पेटवतात, काळी राख थेट अंगणात येते आणि काकींची छाती वाजायला लागते. त्या दिवसांत डॉक्टरांनी खिडक्या बंद ठेवायला सांगितलंय. एसी मात्र आबांनी स्वतःसाठी घेतला. "सारी नोकरी बर्फात झाली, मला उकाडा सोसत न्हाई," असं त्यांनी गल्लीत जाहीर केलं. काकी कुरकुरल्या, "मला पंखा बास हाय. पर ह्यास्नी कोन सांगनार?"

एसी बसला त्या दिवशी, नव्या ट्रॅक्टरची करतात तशी गल्लीतल्या बायकांनी त्याची पूजा केली. हार घातला, धूप जाळला, नारळ फोडला आणि एसीच्या उघड्या तोंडात मूठभर हळदकुंकू वाहिलं. मग कुणीतरी बटण दाबलं. आमची अख्खी गल्ली क्षणात पिवळीजर्द झाली. आम्ही पोट धरून हसत होतो, तोवर काकी खोकत खोकत खालीच बसल्या. आबांनी धावत जाऊन दम्याचा पंप आणला आणि काकींच्या तोंडाला लावला.

तेव्हापासून त्या घरात उदबत्ती तुळशीपाशी लागते आणि पाणी तापवायचा बंब परसात गेलाय. एसीचा वारा काकींच्या अंगावर येता कामा नये आणि आकडा सत्तावीसच्या खाली जाता कामा नये. "बर्फातल्या माणसाला सत्तावीस कसं पुरतं हो?" मी डिवचलं. "वयानं आता पुरतं," एवढं बोलून ते जाळी काढायला स्टुलावर चढले.

गेल्या चैत्रात काकी भावाकडे शिराळ्याला गेल्या होत्या. संध्याकाळी मी आबांना आमटी द्यायला गेलो. खिडक्या सताड उघड्या, एसी बंद आणि आबा बनियनवर अंगणातल्या बाजेवर घामाघूम होऊन पडलेले.

"आबा, तुम्हाला उकाडा सोसत नाही ना?"

"मला बंद खोली सोसत न्हाई रं," ते म्हणाले. "चौकीचं दार बर्फात गाडलं गेलं हुतं एकदा. तवापासनं दार-खिडक्या लावल्या की जीव घुसमटतो."

"मग रोज आत कसे झोपता?"

"झोपतो कुठं? पडतो. तिच्यासाठी एसी घेतो म्हनलो असतो, तर घिऊ दिला असता का तिनं? तिला ह्यातलं काय बोलू नगस."

मी आमटीचं भांडं बाजेशेजारी टेकवलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकींचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता. "आवं, एसी लावलाय न्हवं? बिल वाचवत बसू नगा. तुमास्नी त्याबिगर झोप न्हाई."

आबांनी बनियनच्या टोकानं गळ्याचा घाम पुसला.

"लावलाय की. लय गार पडलंय. पांघरून घिऊन बसलोय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर तू लवकर ये."