तुळसाबाईची पहाडी सायकल

तुळसाबाईच्या वरसीच्या, म्हणजे वर्षश्राद्धाच्या, आदल्या दिवशी लामता गावी पार्सल आलं. तिच्या नवऱ्याने, टिकारामने, खोकं फोडलं. आत एक जाड टायरचं चाक, त्याला दोन पायडल, वर सीट. त्याने खोकं उलटं करून झटकलं. आणखी काही पडलं नाही.

त्याने जबलपूरला मुलाला फोन लावला. "लोकेश, दुसरं चाक कुठी आहे रे?"

लोकेश म्हणाला, "बाबा, तुमीच म्हटलं ना, पहाडावर चालते तशी पाह्य. फोटोत माणूस डोंगर उतरून राह्यला होता. चाकं कोण मोजते? याले एकच असते म्हणे."

वरसीला भाच्याला दिलेलं दान गेलेल्या माणसाला पोचतं, अशी त्यांच्याकडची रीत. शेवटी शेवटी तुळसाचे गुडघे फार दुखायचे, आणि वरची वाट चढाची आहे असं सगळेच सांगत. म्हणून सायकल, तीही पहाडी. आता त्या गुडघ्यांनी तिने एका चाकावर तोल कसा धरायचा?

सकाळी टिकारामने भाच्याला, रजतला, गावामागच्या टेकडीवर नेलं. "चालवून पाह्य. तुले जमलं तं तिले जमन."

"मामा, मी बँकेत आहे, सर्कशीत नाही!"

तरी मामीसाठी बिचारा बसला. चाक एका दगडावरून उडालं, रजत दुसऱ्या दगडावर आपटला.

दान देताना रिवाजाप्रमाणे टिकाराम भाच्याच्या पाया पडला. सुजलेल्या पायाला हात लागताच रजत असा ओरडला, की महाराज मंत्र विसरले.

"झालं! तिचाही पाय मोडन आता," टिकाराम तिथेच बसला आणि रडू लागला.

रजतच्या पायाला हळद लावत त्याची आई, टिकारामची बहीण पुष्पलता, म्हणाली, "काहून रडून राह्यला दादा? वहिनी कधी बसली का सायकलवर? शेतातून गाठोडं डोक्यावर घेऊन पायी ये, अन् दारातून तुले हाक मारे, 'अजी, हात लावा!' हे चाकही घेईन डोक्यावर, अन् जाईन तुले शिव्या देत."

बसलेले सगळे हसले. टिकारामलाही तुळसा दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चाक, पायडल कानाशी हलतंय. तोही हसला.

मग म्हणाला, "हौ. पण तिथं उतरवाले हात कोण लावन तिले?"