आजी, क्ष वर्षांपूर्वी

शिवांजलीला मलकापूरच्या क्लासला घालायचं, असं धनाजीनं चहा पिता पिता ठरवलं. सातवीपर्यंत लेकीचा अभ्यास विजयमालानंच घेतला होता. (तिची स्वतःची शाळाही सातवीतच संपलेली, म्हणजे तोवर दोघी बरोबरीनं चालल्या.) आता पोरगी आठवीत गेली म्हणून रोज संध्याकाळी वहीशेजारी बसायची आपली जागा जाणार, हे काही तिला सोसवेना.

"आजचं गणित मी घेते. जमलं न्हाई तर लावा क्लास," ती म्हणाली.

गणित असं होतं: घरातल्या दोघांच्या खऱ्या वयांवरून समीकरण मांडा, पायरीपायरीनं सोडवा, ताळा करा.

खरी वयं म्हटल्यावर विजयमालानं कपाटातून आधार कार्डं काढली. उगीच अंदाजपंचे नको. सासूबाई सुलाबाई पन्नास, धनाजी चाळीस. (दोघांचाही जन्म एक जूनचा. आपल्याकडं निम्मा गाव एक जूनलाच जन्मतो.)

"लिही. क्ष वर्षांपूर्वी आजीचं वय पप्पांच्या दुप्पट होतं."

पन्नास वजा क्ष बरोबर दोन, कंसात चाळीस वजा क्ष. कंस सोडवला, क्ष एका बाजूला आणले. क्ष बरोबर तीस. ताळा: तेव्हा आजी वीस, पप्पा दहा. बरोब्बर दुप्पट! विजयमालानं ऐटीत नवऱ्याकडं बघितलं.

शिवांजली पेन्सिल चावत होती. "आई, मग पप्पा झाले तवा आजी दहा वर्षांची?"

विजयमालानं खोडरबर उचललं. चिन्ह चुकलं असणार! खोडून पुन्हा केलं, तर या खेपेला खरंच चिन्ह चुकलं. ते शिवांजलीनं दाखवलं. तिसऱ्यांदा कागद फाटला, उत्तर मात्र तीसच.

"आवं आत्याबाई, तुमचं वय किती वो?"

सुलाबाई मेथी निवडत होत्या. "कार्डात काय हाय? पन्नास? अगं, दहा वर्साची मी शेरडं राखत हुते! आधारच्या कॅम्पातल्या पोरानं वय विचारलं, मी म्हनलं, लिव्ह बाबा तुज्या मनानं. कोयनेचा भूकंप झाला तवा मी रांगत हुते. धनाजीचं चाळीस मातूर खरं हाय, दवाखान्यात झाला त्यो."

भूकंप सदुसष्टचा. म्हणजे सुलाबाई अठ्ठावन्न. विजयमालानं नवं पान घेतलं, समीकरण मांडलं, कंसापर्यंत पोचली, तोच सुलाबाई म्हणाल्या, "बावीस."

"आं?"

"ह्यो झाला तवा मी अठराची. ह्यो अठराचा झाला तवा मी दुप्पटच की! त्याला झाली बावीस वर्सं. त्यात कंस कशाला पायजे?"

पाऊण पान आणि सहा पायऱ्यांनंतर विजयमालाचंही बावीसच आलं.

धनाजी पोट धरून हसला. "आता क्लास लावायचा, का म्हातारीलाच बसवू शिकवायला?"

विजयमाला मान खाली घालून खोडरबराचा चुरा गोळा करत राहिली. शिवांजली सरकून तिला चिकटून बसली.

"क्लास नको पप्पा. आजी पण नको, ती पायऱ्याच सांगत न्हाई. मला आईच पायजे."

विजयमालाचे डोळे भरून आले. लेकीच्या केसांवरून हात फिरवत तिनं विचारलं, "व्हय गं बाय? का गं?"

"तू चुकतीस ना, तवा मला लय चांगलं समजतं."