शटरगड सर जाहला त्याची हकीकत

शटराच्या डाव्या कोपऱ्यास गंज धरला, तो प्रथम टाचणीच्या माथ्याएवढा, मग सदऱ्याच्या बटणाएवढा, पुढे कोटाच्या बटणाएवढा जाहला, आणि तेथून त्याने उजवीकडे कूच केले. ऐसा गनीम दारात वाढत असता गडाचे धनी शिंपीकाका समोरच्या कट्ट्यावर बसून नुसते पाहात होते. त्या शटराची हकीकत घडली तैसी येथे लिहिली असे. वाचणारांनी स्वस्थचित्ते ध्यानी घ्यावी.

कारण ऐसे की, नाक्यावर तयार कपड्यांचे मोठे दुकान आले, आणि काकांची गिऱ्हाइके तिकडे फितूर जाहली, आणि काकांनी रुसून शटर खाली ओढले. मग शेजारील बेकरीवाले, मनगटाचे बळकट व जिभेचे गोड, यांनी जाबसाल लाविला की भट्टीस जागा अपुरी पडते, सबब गाळा आम्हांस द्यावा. काका म्हणाले, "बघू." काकूंनी फर्माविले की द्यायचा तर देऊन मोकळे व्हा, नाहीतर उघडा. त्यांसही काका म्हणाले, "बघू." शिवण सोडवत नव्हती, आणि रिकाम्या दुकानी गिऱ्हाइकाची वाट पाहात बसण्याचे भय मोठे. ऐसा पेच पडला.

अखेर बेकरीवाले टेप घेऊन आले, आणि निदान आतले माप तरी घेऊ द्या म्हणून गळ घातली. काकांनी किल्ली दिली. कुलूप निघाले, शटर मात्र तसूभर हलेना. मग इस्त्रीवाले तेलाची बाटली घेऊन कुमकेस धावले, आणि वरच्या मजल्याच्या शिकवणीबाई मेणबत्ती घेऊन उतरल्या, आणि खाचेत तेल व मेण यांचा मारा जाहला. डावीकडे गंज, तेथे कपडे खराब होतील या धास्तीने अवघी फौज उजवीकडे लोटली. बेकरीवाल्यांनी जोर करिताच शटर एका अंगाने वीतभर उचलले, आणि तिरपे होऊन जे रुतले ते रुतलेच. फौजेची शिकस्त जाहली.

इस्त्रीवाले घाम पुसत म्हणाले, "काका, हे अगदी तुमच्यावर गेलंय. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

काकू गॅलरीतून रणांगण न्याहाळीत होत्या. त्यांनी वरूनच आवाज दिला, "अहो, सगळे एकाच बाजूला! वाकडं होणार नाही तर काय? डावीकडे तुम्ही धरा. दुकान दुसऱ्या कुणाचं आहे का?"

मग काका उठले, आणि बाह्या सारून गंजल्या पट्टीस हात घातला, आणि दोन्ही अंगांनी एकदम जोर जाहला, आणि शटर ऐसे गडगडत वर गेले की गल्लीतली कबुतरे परागंदा जाहली.

आत यंत्र धुळीच्या रजईखाली निजले होते. बेकरीवाल्यांनी टेप पसरून भट्टी इथे, ट्रे तिथे ऐसी मुलुखाची वाटणी चालविली. तोच शिकवणीबाई पुढे सरल्या. "काका, उघडलंच आहे तर... त्या नाक्यावरून हा अंगातला कुर्ता घेतला, बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. तेवढ्या आखूड कराल?"

"घ्या!" इस्त्रीवाले उसळले. "तिथला एक कपडा धड कुणाला बसत नाही. सगळे माझ्या टेबलाशी येतात. मी इस्त्री करू की लोकांच्या पँटी उसवू?"

काका थबकले. ही बातमी कट्ट्यावर कधी पोचलीच नव्हती. त्यांनी बाईंची बाही दोन बोटांत धरून शिवण उलटी करून पाहिली, आणि ती पाहता पाहता खुर्ची ओढून केव्हा बसले ते त्यांसही कळले नाही.

"मग काका, उद्या भट्टी आणू ना?" बेकरीवाल्यांनी विचारले.

येणेप्रमाणे शटर सर जाहले, गड धन्याच्या हाती आला, आणि अवघी गल्ली व गॅलरीतील काकू यांचे समक्ष धन्याने आपल्या मुखे हुकूम फर्माविला तो ऐसा :

"राग मानू नका, गाळा देत नाही. उद्यापासून दुकानात मी बसतोय."