गरुडाच्या नाकाचं माप

"माझी चप्पल तुमच्या नाकावर काय करतेय?"

प्रश्न रास्त होता. बायको बेडरूमच्या दारात एका पायावर उभी होती. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसला होता, हातात ब्लेड, डोळ्यांवर ऑफिसचा हेडसेट. टाच दुखते म्हणून तिने परवाच आणलेल्या मऊ चपलेचा अर्धा तळवा त्या हेडसेटच्या कडेला चिकटला होता.

"चप्पल कुठली? पॅडिंग आहे."

"डाव्या पायाचं पॅडिंग आहे. उजवं माझ्या पायात आहे."

नवरा एका बिल्डरकडे ड्राफ्ट्समन होता. ऑफिसात नवीनच आलेला हा हेडसेट डोळ्यांवर चढवला की अजून न बांधलेलं घर दिसायचं, आणि त्यात हिंडून खिडक्या-दारं तपासायची हे त्याचं दिवसभराचं काम. अडचण होती नाकाची. वाडवडिलांनी त्याच्यासाठी मागे काही ठेवलं नव्हतं, एवढं नाक सोडून. ऑफिसात त्याला 'गरुड' म्हणत. हेडसेट बनवणाऱ्यांनी जगातल्या चेहऱ्यांची सरासरी काढली होती, आणि त्या सरासरीत गरुडाला कुणी धरलं नव्हतं. तासाभरात नाकावर लाल खाच पडायची, संध्याकाळी डोकं ठणकायचं. फोनवर बोलताना तर गिऱ्हाइकं आपुलकीने विचारायची, "सर्दी बरी झाली नाही का अजून?"

"साहेब, नाक दाबतं," त्याने एकदा सांगून पाहिलं होतं.

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते खरंच की," साहेब म्हणाले. "ते आता मिटून घे. नवा मिळणार नाही."

म्हणून हा घरगुती उपाय. आधी कपाळाशी चपलेचा तळवा लावून झाला. मग आतल्या स्पंजाला नाकापुरती चंद्रकोर कापली. डावीकडे जरा जास्त गेलं. ते जुळवायला उजवीकडे कापलं, ते जुळवायला पुन्हा डावीकडे. माकडाने लोण्याची वाटणी करावी तसा स्पंज दोन्हीकडून संपत गेला. शेवटी हेडसेट असा काही बसला, की गरुडाच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच आनंदाचं.

"बसला!" तो म्हणाला.

"हो. आणि मी उभी," बायको म्हणाली.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. जे माप त्याच्या नाकाला नेमकं, ते बाकी मनुष्यजातीला भगदाड, खालची खरी जमीन दिसेल एवढं.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकताच साहेबांनी त्याच्या हातातला हेडसेट ओढून घेतला. "आण इकडे! मुख्याध्यापिका मॅडम आल्यात. रिटायर झाल्यात, मोठा फ्लॅट घ्यायचाय. तीन बिल्डरांकडे हेच चढवून चक्कर आली त्यांना, उठून गेल्या. इथून गेल्या तर तूही जा."

"साहेब, जरा थांबा, त्यात..."

"तोंड!" साहेब म्हणाले.

मॅडमचं नाक शेंगदाण्याएवढं होतं. गरुडाने ते पाहिलं आणि भिंतीला पाठ टेकली.

फ्लॅट दाखवण्याची साहेबांची एक रीत होती. गिऱ्हाइकाने हेडसेट चढवला, की हॉल मोठा वाटावा म्हणून ते त्याला खांद्याला धरून टेबलाभोवती दोन फेऱ्या मारवत. बाल्कनी आली की शिपायाने फाईलने वारा घालायचा आणि साहेबांनी मोबाइलवर कोकिळा लावायची.

"हा हॉल," साहेब चालवत म्हणाले.

"मोठा आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त हा टेबलाचा पाय दुसऱ्यांदा येतोय."

साहेबांनी गरुडाकडे पाहिलं. गरुडाने छताकडे.

"आता बाल्कनी! बघा कशी झुळूक येतेय." शिपाई वाकून जिवाच्या आकांताने फाईल हलवू लागला. कोकिळा ओरडली.

"छान. बाल्कनीत चपला कुणाच्या आहेत?"

"चपला? कुठल्या चपला?"

"निळ्या पट्ट्याच्या. डावीचा अंगठा तुटलाय. आत पायपण आहे."

शिपाई दोन उड्यांत टेबलामागे गेला, पण वारा घालायचा थांबला नाही. नोकरी होती.

"गेल्या," मॅडम म्हणाल्या. "आता झुळूक स्वयंपाकघरातून येतेय."

साहेबांनी गरुडाला कोपऱ्यात ओढलं. "काय केलंस त्याचं?"

"नाकापुरतं कापलं, साहेब."

"कुणाच्या?"

"माझ्या."

साहेबांनी ते नाक नीट पाहून घेतलं. "टेबल आवर तुझं," ते म्हणाले.

मॅडमनी हेडसेट काढला. साहेबांनी घाईने खुर्ची पुढे केली. "चक्कर आली ना? बसा, बसा. पाणी आणा रे!"

"नाही आली हो! तेच तर," मॅडम म्हणाल्या. "त्या तिघांकडे आपले पाय जमिनीवर आहेत की नाही, हेच कळेना. इथे खाली माझी पावलं दिसत होती, तुमची दिसत होती, त्या चपलावाल्यांचीही दिसत होती. जन्म शाळेत गेला माझा. सगळ्यांचे पाय दिसत असले की मला निर्धास्त वाटतं. घेते मी हा फ्लॅट. हॉल मात्र एकदाच मोजा."

"खास करून घेतलंय मॅडम," साहेब क्षणाचाही वेळ न घालवता म्हणाले. "आमच्या तज्ज्ञांकडून." आणि तज्ज्ञांना डोळ्यांनीच खूण केली, टेबल राहू दे.

संध्याकाळी साहेबांनी तो हेडसेट कपाटात ठेवून कुलूप घातलं. "हा आता फक्त गिऱ्हाइकांसाठी. तू चढवायचा नाहीस, सैल होईल."

"मग मी काय घालू?"

साहेबांनी दुपारीच मागवलेला नवाकोरा खोका त्याच्या हातात दिला. "घरी नेऊन सवय कर. आणि याला ब्लेड लावलंस तर याद राख."

घरी पोचेपर्यंत राहवलं नाही, म्हणून जिन्यातच त्याने त्यातला हेडसेट चढवून पाहिला. नाक जागच्या जागी अडकलं.

बायकोने खोका पाहिला, नाकावरची ताजी खाच पाहिली, आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. मग आत जाऊन उजवी चप्पल आणून टेबलावर ठेवली, शेजारी ब्लेड ठेवलं. साहेबांची धमकी गरुड तिथल्या तिथे विसरला.

"एकीचा मला तरी काय उपयोग?" ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली, हनुवटी वर केली. "कापा. पण या वेळी माझ्या नाकाच्या मापाने. मलाही बघू दे, दिवसभर कुठल्या घरात राहता ते."