दोन प्रतिपदा

माझ्या नजरेतून चूक सुटत नाही. छापखान्यात अठरा वर्षं मुद्रितं तपासतोय, सगळे मला भिंगराव म्हणतात ते उगीच नाही. त्यात यंदा नवा चष्मा! बायको म्हणाली, आता तुमच्या तावडीतून देवही सुटायचा नाही. मला ते कौतुक वाटलं.

दिनदर्शिकेचं मुद्रित हाती आलं आणि पहिल्याच महिन्यात मला शिकार गवसली. चार तारखेला प्रतिपदा, पाच तारखेलाही प्रतिपदा! पक्षाचा पहिला दिवस दोनदा कसा उजाडेल? मी लाल पेनाने दुसरी उडवली आणि पौर्णिमेपर्यंतच्या सगळ्या तिथ्या एकेक दिवस अलीकडे सरकवल्या. त्यामुळे पौर्णिमा एकोणीसवरून अठरावर आली आणि एकोणीस तारीख रिकामी पडली. वीस तारखेला होती थेट द्वितीया. म्हणजे दुसऱ्या पक्षात प्रतिपदाच गायब! एका पक्षात जास्तीची, दुसऱ्यात नाहीच. चोरी मुद्देमालासकट सापडली होती. उडवलेली प्रतिपदा मी रिकाम्या घरात बसवली. अशी चपखल बसली, की मला माझाच हेवा वाटला.

आमच्या तिथ्या गणितबाई काढतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, तीस वर्षं हेच काम. वर्षभर कागदावर चंद्र मोजत बसतात आणि त्यातच त्यांचा जीव आहे. मी लाल झालेलं पान मालकांना दाखवलं. मालक हळहळले. बाईंचं वय झालं, पुढच्या वर्षापासून दुसरी व्यवस्था बघू, असं म्हणून त्यांनी पान छपाईला सोडलं. बाईंना हे सांगायचं नाजूक काम मी आपणहून मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पिशवी आणि पेन्सिल घेऊन शेवटचं वाचन करायला हजर. यंत्र धडधडत होतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विश्रांतीचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोललो. मालक मान खाली घालून उभे होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि छापलेलं पान मागितलं.

"भिंगराव," त्या म्हणाल्या, "अठरा तारखेला हा पूर्ण चंद्र तुम्ही स्वतः वर जाऊन लावणार आहात का?"

मी दोन प्रतिपदांचा मुद्दा काढला. त्या जराही चिडल्या नाहीत. पहिल्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं.

"मी रोज सूर्योदयाला हजेरी घेते. त्या वेळी जी तिथी हजर, तिचं नाव त्या दिवसाला. चंद्र रेंगाळला की एकच तिथी दोन सकाळी हजर असते, ती वृद्धी. तो घाईत असला की एखादी उजाडल्यावर येते आणि पुढचं उजाडायच्या आत निघून जाते. तिचं नाव कुठेच लागत नाही, तो क्षय."

मग त्यांनी भिंतीवरच्या चालू वर्षाच्या दिनदर्शिकेवर पेन्सिल ठेवली. तिथे लागोपाठच्या तारखांना दोन पंचमी होत्या. खाली तपासनीस म्हणून माझं नाव होतं. अठरा वर्षं मी असल्या जोड्या बिनदिक्कत पास करत आलो होतो, फक्त दिसल्या नव्हत्या!

मालकांनी यंत्र थांबवलं. छापलेला गठ्ठा रद्दीत गेला. मालक माझ्याकडे वळून काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "तिथीशेजारी वृद्धीची खूण करायची माझी राहिली. भिंगरावांचा काही दोष नाही." ज्या माणसाने त्यांचं काम काढून घ्यायची तयारी केली, त्यालाच त्यांनी पाठीशी घातलं. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती आणि कोणाबद्दल इतका आदरही. मालकांनी तिथल्या तिथे सांगितलं, की बाई म्हणतील तोवर तिथ्या बाईच काढतील. बाईंनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

त्या दिवसापासून मी बाईंचा भक्त झालो. पुढच्या वर्षी मुद्रित आलं, ते मी हात जोडून वाचलं आणि एकही खूण न करता पुढे पाठवलं. बाईंनी शेवटच्या वाचनात पहिलंच पान उलटून माझ्यासमोर धरलं. वारांच्या ओळीत बुधवार दोनदा होता.

"आणि गुरुवार कुठे गेला, भिंगराव?"

खरं सांगतो, ते मी पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं.

"बाई," मी अदबीने म्हणालो, "मला वाटलं, त्याचा क्षय झाला असेल."